वेल्डिंगवाला खोटं बोलत नाहीये, तरी त्याचं ऐकू नका

पत्र

काका, नमस्कार. मी कोल्हापुरात असतो. वय ४१, उंची ५ फूट ११ इंच, वजन ८४ किलो. २०१२ साली पहिला बोनस मिळाला तेव्हा २६ इंची चाकांची अल्युमिनिअमची माउंटन बाइक घेतली. पुढे १०० मिलीमीटरचा शॉकअप, मागे काही नाही. गेली १२ वर्षं बहुतेक रविवारी ज्योतिबा, नाहीतर पन्हाळा, आणि उघडीप असेल तर मसाई पठार. दोन महिन्यांपासून चढावर कर्रकर्र आवाज येत होता. सीट बदलली, पेडल बदलले, आवाज तसाच. परवा धुताना दिसलं की सीटच्या नळीला वरची आडवी नळी जिथे जोडलीय तिथे रंगावर केसासारखी रेघ आहे, दोनेक सेंटीमीटरची. शॉकअपही थकलाय. दाबला की बसतो, वर यायला वेळ लावतो आणि पुढचा ब्रेक दाबला की ठक्क वाजतं.

उद्यमनगरातले एक मिस्त्री म्हणाले, "आर्गन वेल्डिंग मारून देतो, ६०० रुपये. फ्रेम मोडंल पण जोड मोडायचा न्हाई." एका मित्राकडे २९ इंची सायकलचा १२० मिलीमीटरचा शॉकअप पडून आहे, तो फुकट देतोय. दोन्ही कामं करून टाकू का? मिस्त्रींना वेळ मिळेपर्यंत माझा १३ वर्षांचा मुलगा ती क्लासला नेईल, रस्ता सपाटच आहे. बायको म्हणते भंगारात घाला. माझा जीव होत नाही.

— एक पठारकर

उत्तर

प्रिय पठारकर,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर आज संध्याकाळच्या आत अमलात आणायचं आहे. मुलाला ती सायकल देऊ नका. सपाट रस्त्यावर नाही, कॉलनीच्या आवारात नाही, 'आजच्या दिवस ने' असंही नाही. तुम्ही १२ वर्षं चालवलीय, त्यामुळे तुम्हाला तिचा नेहमीचा आवाज कुठला आणि नवा कुठला हे कळतं. त्याला ते कळणार नाही. शिवाय १३ वर्षांचा मुलगा सपाट रस्त्यावर सपाट चालवतो असं मी ४० वर्षांच्या धंद्यात पाहिलेलं नाही. स्पीडब्रेकर दिसला की तो उडवणार, मित्र दिसला की मागे बसवणार. कुलूप लावून ठेवू नका, किल्ली मुलांना सापडते. पुढचं चाक काढा आणि माळ्यावर टाका.

आता फ्रेमकडे येऊ.

रंगावरची रेघ म्हणजे धातूची चीर असेलच असं नाही. पावडर कोटिंग जुनं झालं की जोडाजवळ सुटतं, त्याचीही रेघ दिसते. पण तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या, म्हणजे जोडाची जागा, दोन महिन्यांची कर्रकर्र आणि तुमची उंची, तर मी पैज चिरेवरच लावीन. खात्री करून घेणं तुमच्या गावात फार सोपं आहे. रेघेभोवतीचा रंग बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, धातू उघडा करा. मग उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंग तपासणारा कोणी ओळखीचा गाठा आणि त्याला 'डाय पेनिट्रंट मारून दे' म्हणा. तीन स्प्रेचे डबे असतात. पहिल्याने जागा साफ करायची. दुसरा लाल रंग, तो मारून दहाएक मिनिटं थांबायचं आणि पुसून टाकायचा. तिसरी पांढरी पावडर. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो आणि ती खरी कुठपर्यंत गेलीय तेही दिसतं. डोळ्याला दोन सेंटीमीटर दिसणारी चीर पावडरवर तीन-साडेतीन निघाली तर चकित होऊ नका. टोकाकडे ती इतकी मिटलेली असते की भिंगातूनही दिसत नाही.

तिथे असतानाच आणखी एक काम करा. सीटचा रॉड बाहेर काढून तो फ्रेममध्ये किती आत बसत होता ते मोजा. माझा अंदाज सांगतो. तुमच्या उंचीला एक साइझ मोठी फ्रेम हवी होती. दुकानात त्या दिवशी मीडियम होती, दुकानदाराने रॉड वर घेऊन दिला आणि 'बसतीय की' म्हणाला. रॉडवर एक रेघ असते, तिच्या वर रॉड काढू नका असं लिहिलेलं असतं. तुम्ही ती रेघ पाळली असेलच. पण ती रेघ रॉडचा जीव वाचवते, फ्रेमचा नाही. फ्रेमसाठी नियम वेगळा : रॉडचं खालचं टोक आडव्या नळीच्या जोडाच्या खाली उतरलंच पाहिजे. ते जोडाच्या वरच संपत असेल तर तुमच्या ८४ किलोची पहार रोज त्या जोडावर आपटत राहते. रॉड ३५० मिलीमीटरचा असेल तर उंच माणसाच्या बाबतीत हे हमखास होतं. ४०० चा रॉड घेतला असता तर कदाचित हे पत्रच आलं नसतं. हे आता सांगून उपयोग नाही, पण पुढच्या सायकलला उपयोग आहे.

मिस्त्रींचं वाक्य मला फार आवडलं. 'फ्रेम मोडेल पण जोड मोडायचा नाही.' ते अक्षरशः खरं ठरेल, आणि माझी अडचण तीच आहे.

माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. फोर्कला तेव्हा आम्ही चिमटा म्हणायचो. काळ्या चोवीस इंची सायकलींच्या फ्रेम तुटून यायच्या, वडील त्या पितळ भरून झाळायचे आणि दूधवाला दुसऱ्या दिवशी त्याच सायकलला चार किटल्या लटकवून जायचा. वीस-वीस वर्षं चालल्या त्या. तुमच्या मिस्त्रींचा अनुभव याच जातीचा आहे, त्यांना खोटं ठरवू नका. पण ते पोलाद होतं. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली राहिला तर तुम्ही ते लाखो वेळा वाकवा, चीर धरत नाही. अल्युमिनिअमला अशी मर्यादा नाही. ताण कितीही बारीक असो, प्रत्येक वेळी थोडं थोडं खात्यावर जमा होत राहतं. म्हणून तर त्या फ्रेमच्या नळ्या इतक्या जाड घेराच्या करतात. वाकूच द्यायच्या नाहीत, म्हणजे खातं सावकाश भरतं.

तुमचं खातं किती भरलं असेल? आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माउंटन बाइकची फ्रेम प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा एकदा डाव्या पेडलवर, एकदा उजव्या, असा १२०० न्यूटनचा दाब १,००,००० वेळा देतात. १२०० न्यूटन म्हणजे साधारण १२२ किलोचा माणूस एका पेडलवर उभा राहिल्यासारखं. आता तुमचा हिशेब मांडू. वर्षाला ४० रविवार, तीन तास, मिनिटाला ७० फेरे. १२ वर्षांत ६० लाख फेरे झाले. प्रत्येक फेरा अर्थातच १२०० न्यूटनचा नव्हता, बराचसा हलकाच होता. पण ज्योतिबाच्या शेवटच्या चढाला तुम्ही पेडलवर उभे राहत असणार, आणि पठारावरच्या दगडांचे धक्के या हिशेबात धरलेलेच नाहीत. थोडक्यात, फ्रेम बिघडलेली नाही. ती वापरून संपली आहे. टायर झिजल्यावर आपण टायरवाल्यावर रागावत नाही.

आता आर्गन मारल्यावर काय होतं ते सांगतो. तुम्ही फोटो पाठवला नाही, पण त्या काळच्या त्या वर्गातल्या बहुतेक फ्रेमवर ६०६१ किंवा ७००५ असा स्टिकर असतो. ६०६१ धरू. ही मिश्रधातू नुसती ओतून कडक होत नाही, तिला भट्टीचा संस्कार लागतो. कारखान्यात सगळी फ्रेम जोडून झाली की ती सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवतात, झटकन विझवतात आणि मग १६० ते १८० अंशांवर कित्येक तास ठेवतात. याला टी-६ म्हणतात. असा संस्कार झालेलं ६०६१ सुमारे २७५ मेगापास्कलपर्यंत ताण सोसतं. पूर्ण मऊ पडलेलं तेच ६०६१ सोसतं ५५ च्या आसपास. मिस्त्री आर्गन लावतील तेव्हा जोड सुंदर येईल, त्यांचा हात चांगला असणार. पण जोडाच्या दोन्ही बाजूंची बोटभर जागा त्या उष्णतेने मऊ पडते, ताकद जवळपास निम्मी होते. म्हणजे जोड मजबूत आणि शेजार लोण्यासारखा. पुढची चीर त्या शेजारातून जाईल. फ्रेम मोडेल, जोड मोडणार नाही.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय : 'मग भट्टीत घालून आणतो की, भट्ट्यांना काय तोटा आहे इथे?' हा प्रश्न पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या वाचकाने विचारला नसता. उत्तर असं की कागदावर जमतं. पण ५३० अंशांवर ठेवायचं आणि हे धातू ५८० च्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे चुकायला वाव फक्त ५० अंशांचा. भट्टीच्या एका कोपऱ्याचं तापमान थोडं वर गेलं तर संपलं. विझवताना पातळ नळ्या वेड्यावाकड्या होतात, मग जिगवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, बसवून मिलीमीटरच्या हिशेबाने सरळ कराव्या लागतात, तेही कडक व्हायच्या आत. सायकलच्या मापाची जिग कास्टिंगवाल्याकडे नसते. आणि फ्रेम ७००५ ची निघाली तर हा सगळा विधीच वेगळा, तिला विझवायची गरजच नसते. एवढं सगळं करून हातात काय येणार? तीच फ्रेम, तेच ६० लाख फेरे खाल्लेली. बाकीच्या जोडांचं वय भट्टीने कमी होत नाही. इतका खर्च आणि इतकी माणसं एखाद्या अजोड सायकलसाठी कामाला लावली तर समजू शकतो. बोनसमधून घेतलेली सायकल तुमच्यासाठी अजोड आहे हे मला मान्य आहे. धातूला ते मान्य नाही.

चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवायची, असा आणखी एक उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेल. मशीनच्या बॉडीला, पत्र्याला करतात तसं. दीड-दोन मिलीमीटर जाडीच्या नळीला, जिच्यावर तुम्ही बसणार आहात, तिला नको.

(हीच चीर क्रोमोलीच्या, म्हणजे पोलादाच्या फ्रेमला असती तर मी तुम्हाला त्याच मिस्त्रींकडे पाठवलं असतं आणि ६०० रुपये आनंदाने द्या म्हटलं असतं.)

जाता जाता एक गोष्ट. ज्या खेळासाठी तुम्ही ही सायकल घेतलीत त्याचा जन्मच मोडक्या सायकलींतून झालाय. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं १९३० आणि ४० च्या काळातल्या जाडजूड, श्विन कंपनीच्या सायकली स्वस्तात घ्यायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. १९७६ पासून तर तिथे एका उतारावर शर्यतीच लागायच्या. उताराचं नाव 'रीपॅक', कारण एका उतरणीत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. फ्रेम आणि चिमटे मोडायचेच. १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने ठरवलं की जुनी शोधत बसण्यापेक्षा या कामासाठी नवीच बनवू, आणि क्रोमोलीची फ्रेम तयार केली. जुन्या श्विनला झाळत बसला असता तर तुम्ही-आम्ही आज घाटात कशावर गेलो असतो कोण जाणे.

आता पुढचा भाग. मला खरी काळजी याची आहे, आणि तुम्ही पत्रात त्याला दोन ओळी दिल्यात.

फ्रेम बहुधा सांगून मोडते. कर्रकर्र करते, रंग तडकतो, मागचं चाक डुलायला लागतं. सीटच्या नळीची चीर पूर्ण गेली तरी तुम्ही बहुतेक वेळा धडपडत का होईना पाय टेकवता. पुढचा फोर्क, त्याचा हँडलमध्ये जाणारा दांडा आणि हँडल स्वतः, ही तीन माणसं मोडतात तेव्हा तुमचे हात आधाराला काहीच धरत नाहीत. तोंड सरळ रस्त्यावर. मला याचा अनुभव आहे. २००४ च्या पावसाळ्यात मी कात्रजच्या जुन्या घाटातून उतरत होतो. सायकलला जुन्या बाजारातून घेतलेला शॉकअप. तीन आठवडे पुढून चुईचुई आवाज येत होता आणि मी, धंद्याने सायकलवाला, दर रविवारी हेडसेट, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंग, आवळत होतो. दांडा शॉकअपच्या खांद्याच्या जरा वर, जिथे खालची बेअरिंग बसते, तिथे तुटला. दोन दात आणि डावं मनगट गेलं. नंतर तुकडा बघितला तर तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग गंजून तपकिरी काळा पडलेला आणि एक तृतीयांश नवाकोरा चकाकणारा. म्हणजे दांडा त्या दिवशी तुटला नव्हता. तो कित्येक महिने तुटत होता, त्या दिवशी फक्त संपला. ही जागा सायकल उभी असताना दिसतच नाही, फोर्क खाली ओढून काढल्याशिवाय नाही. घामाचं आणि पावसाचं पाणी नेमकं तिथे जाऊन बसतं.

म्हणून तुमच्या ठक्क आवाजाचा छडा लावायला हवा, सायकल पुन्हा चालवायची असो वा नसो. पुढचं चाक तेवढ्यापुरतं माळ्यावरून आणा. पुढचा ब्रेक घट्ट दाबा, सायकल पुढे-मागे हलवा. डाव्या हाताची बोटं हेडसेटच्या खालच्या वाटीवर ठेवा. ठक्क तिथे जाणवली तर हेडसेट सैल आहे, ते काम पाच मिनिटांचं. मग बोटं शॉकअपच्या सीलपाशी ठेवा. तिथे चकाकत्या नळ्या खालच्या पायात हलताना जाणवल्या तर आतले बुश, म्हणजे नळ्या ज्यात सरकतात त्या कड्या, झिजलेत. तुमच्या वर्गातल्या शॉकअपच्या नळ्या बहुधा क्रोम केलेल्या लोखंडाच्या असतात. पन्हाळ्याच्या पावसात क्रोमखाली गंज धरतो, बारीक खड्डे पडतात, खड्डे सील फाडतात, मग पाणी आणि माती आत. दाबला की बसतो आणि वर यायला रडतो, ते बहुतेक यामुळे. बनवणारे म्हणतात खालचे पाय दर ५० तासांनी उघडून साफ करा, तेल बदला. तुम्ही १२ वर्षांत किती वेळा केलं ते विचारत नाही. गिऱ्हाइकांना हा प्रश्न विचारला की ते घड्याळाकडे बघतात.

झिजलेले बुश आणि रडणारी स्प्रिंग यांनी माणूस मरत नाही, सफर वाईट होते एवढंच. जीवावर बेततं ते दुसऱ्या ठिकाणी : मघाशी सांगितलेला दांडा, दोन पाय जिथे एकत्र येतात तो खांदा, डाव्या पायावर डिस्कब्रेक जिथे बसतो तो कान आणि चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचा. खालचे पाय बरेचदा मॅग्नेशिअमचे असतात. रंग उडाला की पांढरी भुकटी धरतात. भुकटीखाली खड्डे आहेत का बघा. खांद्यातून दाबताना कट् असा कोरडा आवाज आला तर नळी खांद्यात सैल झाली असं समजायचं. ती तिथे कारखान्यात दाबून बसवलेली असते. तिला डिंक लावायचा नाही, वेल्डिंग मारायचं नाही, पाचर ठोकायची नाही. शॉकअप गेला म्हणायचं.

मित्राचा फुकटचा शॉकअप तर नकोच. तो चांगला असेल, मित्रही चांगला असेल. पण तुमच्या २०१२ च्या फ्रेमचं तोंड बहुधा सरळ १ १/८ इंची दांड्याचं आहे. म्हणजे २८.६ मिलीमीटर. नव्या २९ इंची शॉकअपचा दांडा खाली दीड इंचापर्यंत फुगत जातो, तो आत जाणारच नाही. गेला असं धरलं तरी त्याला बहुधा १५ मिलीमीटरचा आरपार ॲक्सल लागतो, तुमच्या हबला ९ चा क्विक रिलीज आहे. आणि समजा हेही कोणी जुगाड करून बसवलं, तरी मुख्य गोष्ट राहतेच. तुमचा फोर्क ॲक्सलपासून खांद्यापर्यंत ४७० मिलीमीटरच्या आसपास असेल, मित्राचा ५२० च्या आसपास. पाच सेंटीमीटरने पुढचा भाग उचलला गेला की हँडलचा कोन दोन-अडीच अंशांनी मागे कलतो. वळणाला सायकल बैलगाडीसारखी वळते. शिवाय फ्रेमच्या नाकावर, म्हणजे दांडा बसतो त्या पुढच्या नळीवर, लांब पहारेने जोर पडायला लागतो. एक जोड फाटलेल्या फ्रेमच्या दुसऱ्या जोडाला आपण स्वतःच पहार लावून देतोय. लोक इतकं सहज करतात हे की माझ्याकडे वर्षाला एक तरी अशी फ्रेम येते, नाकाखालच्या नळीला सुरकुती पडलेली.

तेव्हा पैसे कुठे घालायचे? आधी कुठे घालू नयेत ते सांगतो : फ्रेमचा निकाल लागेपर्यंत शॉकअपवर एक रुपयाही नाही. घरी २०१२ चं बिल सापडतंय का बघा. काही कंपन्या पहिल्या मालकाला फ्रेमची दीर्घ वॉरंटी देतात, काही देत नाहीत पण जुनी फ्रेम दाखवून नवीवर सूट देतात. पेडलच्या खालच्या बाजूला फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, त्याचा आणि चिरेचा फोटो घेऊन ज्या ब्रँडची सायकल आहे त्यांच्या विक्रेत्याकडे जा. हे वेल्डिंगच्या आधी करायचं. एकदा आर्गन लागला की कोणी दारात उभं करणार नाही. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाला असते आणि तुमचा दोष लांब पाय हा आहे, त्यामुळे फार आशा धरू नका. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तिथे नकार आला तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. जुन्या बाजारात २६ इंचीची क्रोमोलीची फ्रेम शोधली असती, आपल्या उंचीची, म्हणजे १९ इंची किंवा त्याच्या आसपास. सगळे २७.५ आणि २९ कडे पळाल्यामुळे २६ च्या चांगल्या फ्रेम लोक कवडीमोलाने देतात. २६ चे टायर-ट्यूब मात्र आपल्याकडे गावोगाव मिळतात, कारण स्वस्तातल्या पोरांच्या सायकली त्याच मापाच्या. घेताना तिचीही डाय पेनिट्रंट करून घ्या, आता तुम्हाला माणूस माहीत आहे. तुमची चाकं, गिअर, ब्रेक, सीट हे सगळं तिच्यावर चढेल. तीन मापं मात्र आधी कागदावर लिहून न्या : सीटच्या रॉडचा व्यास, पेडलच्या बेअरिंगच्या नळीची रुंदी आणि पुढच्या गिअरची पट्टी कुठल्या व्यासाची ते. पुढे शॉकअपऐवजी त्याच उंचीचा, सस्पेन्शनच्या मापाचा साधा क्रोमोलीचा चिमटा लावा. पहिले दोन रविवार हात दुखतील. मसाई पठारासाठी ४१ वर्षांच्या माणसाला १०० मिलीमीटरची चैन लागतेच असं मला वाटत नाही. टायर २.१ चा घ्या, हवा थोडी कमी ठेवा, काम भागतं.

हँडल आणि त्याचा स्टेम, म्हणजे हँडल दांड्याला धरून ठेवणारा तुकडा, मात्र नवीन घ्या. हे कोणीच सांगत नाही. तेही अल्युमिनिअमचे, तेही १२ वर्षांचे, आणि तेही तोंडावर पाडणाऱ्यांमधले. बाकी सगळं जुनं ठेवून एवढ्याच दोन वस्तू नव्या घेतल्या तर लोक हसतील. हसू द्या.

नवी सायकल घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल तर तीही घ्या, मी अडवणार नाही. फक्त फ्रेमवर किंवा माहितीपुस्तकात १ ते ५ असा वापराचा वर्ग छापलेला असतो तो बघा. १ म्हणजे डांबरी रस्ता, ५ म्हणजे उंच उड्या. तुमच्या पठाराला ३ पुरे. शोरूममध्ये खडबडीत टायर आणि दोन शॉकअप लावून उभ्या असलेल्या किती सायकली २ मध्ये निघतात ते बघून करमणूक होईल. आणि या वेळी मापाची फ्रेम नसेल तर महिनाभर थांबा. 'बसतीय की' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

राहता राहिल्या वहिनी. त्यांचं भंगाराचं म्हणणं फक्त फ्रेमपुरतं बरोबर आहे, पण जशीच्या तशी भंगारात घालू नका. चांगल्या दिसणाऱ्या फ्रेमला भंगारवाला किलोवर तोडत नाही. तो ती कोणाला तरी 'चालू आहे' म्हणून विकतो, आणि घेणारा बहुधा क्लासला जाणारा कोणाचा तरी १३ वर्षांचा मुलगाच असतो. हॅकसॉ घ्या आणि आडवी नळी मधोमध आरपार कापा. जीव होणार नाही हे माहीत आहे. फ्रेमच्या नाकाचा तुकडा, ज्यावर ब्रँडचा बिल्ला आहे, तो वेगळा कापून घरात ठेवला तरी कोणी काही म्हणणार नाही. माझ्या कपाटात त्या कात्रजच्या दांड्याचा तुकडा आहे, गिऱ्हाईक फार वाद घालायला लागलं की काढून टेबलावर ठेवतो.

कापायच्या आधी सीटचा रॉड बाहेर काढलेला आहे ना ते बघा. आणि बाटलीच्या स्टँडचे बोल्ट काढून डबीत टाका. पाच मिलीमीटरचे असतात, जुन्या बाजारातल्या फ्रेमबरोबर ते कधीच येत नाहीत.